एकवीस तास, तीन रेघा

मी नोकरीसाठी भेटायला गेलो तेव्हा सरांच्या जिभेला पांढऱ्या टाइलचा एक तुकडा चिकटलेला होता.

मी नमस्कार केला. त्यांनी हातानेच थांबायची खूण केली, डोळे मिटले, मनात काहीतरी मोजलं आणि तुकडा जिभेवरून सोडवला. सुटताना 'टक्' असा आवाज झाला. मग म्हणाले, "बारा टक्के. बसा."

बारा टक्के कशाचे ते मला कळेना. पुढे कळलं. भट्टीतून निघालेल्या मातीच्या वस्तूला बारीक छिद्रं असतात. ती जिभेवरचं पाणी ओढतात, म्हणून वस्तू जिभेला चिकटते. जितकी छिद्रं जास्त, तितकी ती जास्त चिकटते. सर नुसत्या जिभेवरून ती वस्तू किती पाणी पिईल याचा आकडा सांगत. ही विद्या त्यांना नगर जिल्ह्यातल्या बेलापुरात, त्यांच्या घरामागच्या गल्लीतल्या कुंभाराने वयाच्या आठव्या वर्षी शिकवली होती. पुढे त्यांनी याच विषयात मोठ्या पदव्या घेतल्या, दक्षिणेतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत तीसेक वर्षं काढली, पण जीभ काही सोडली नाही.

तो तुकडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला, काटा दाखवला आणि म्हणाले, "उकळा, वजन करा, सांगा." मी दोन तास उकळला, पुसला, तोलला. बारा पूर्णांक तीन निघाले.

"मग? कुनाचं खरं? माझं का काट्याचं?"

"काट्याचं."

"आन् काटाच चुकीचा असंल तर?"

"दुसऱ्या काट्यावर तोलीन. तुमच्या जिभेचा आकडा मी लिहिणार नाही."

सर खूश होऊन हसले. "उद्यापासून या," म्हणाले. 'या' एवढं पहिल्या दिवसापुरतंच. दुसऱ्या दिवसापासून मी 'अरे' झालो आणि आठवड्याभरात 'आकडेशास्त्री'.

त्याआधी नऊ वर्षं मी एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचे आकडे घेत होतो. आकडे लिहायची सवय तिथली, पण स्वभाव आधीपासूनचा. घरात गॅसची टाकी किती दिवस पुरली, स्कूटर एका लिटरात किती गेली, सगळं माझ्या वहीत असतं. बायको म्हणते, "लग्नाच्या पहिल्या दिवसापासून मी केलेल्या भाकऱ्यासुद्धा मांडून ठेवल्या असतील यांनी." तेवढ्या मांडलेल्या नाहीत. पण मी स्वतःला काटेकोर समजत असे, आणि पुढे सांगणार आहे ती चूक त्या समजुतीतूनच झाली.

आमचं काम काय होतं ते सांगतो. नगरच्या एमआयडीसीत आमची एक शेड आहे. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, तोंडात अजून नगरच येतं. या शेडमध्ये आम्ही आवाजाच्या पाचसहा पट वेगाने जाणाऱ्या वाहनांसाठी उष्णता सोसणारे भाग बनवतो. एवढ्या वेगात समोरची हवा दाबली जाऊन इतकी तापते की लोखंड मेणासारखं वितळेल. त्यावर दोन उपाय. एक, भट्टीत भाजलेल्या हलक्या टाइल. दुसरा, काळ्या कार्बनच्या कापडाचे थरावर थर, मध्ये राळ, आणि सगळं दाबून शिजवून केलेली जाड चकती. ही चकती स्वतः वरून जळत जाते आणि मागच्याला वाचवते.

हे मला पहिल्या आठवड्यात पटेना. मी विचारलं, "सर, जळणारी वस्तू आग कशी अडवेल?"

"तुझी आजी रातच्याला चुलीतल्या निखाऱ्यावर काय लोटायची?"

"राख."

"का?"

"सकाळपर्यंत विस्तव राहावा म्हणून."

"मंग? राखंनं आतली ऊब आत ठिवली. आपन उलटं करतो. बाहेरची आग बाहेर ठिवतो. वरचा थर जळून कोळसा हुतो, तो कोळसाच ढाल. आमी सायन्सवाल्यांनी त्याला लांबलचक नाव दिलं, बाकी आजीचंच हाय सगळं."

ते वाहन आम्ही कधी पाहिलं नाही, अजूनही नाही. एकदा मी उत्सुकतेने विचारलं तर सर म्हणाले, "आपन चपलेचा तळ शिवतो. कोन घालून कुठं चाललंय ते चांभारानं इचारायचं न्हाई. तळ टिकला का, तेवढं इचारायचं."

सर ग्राहकांशी फोनवर इतकं स्वच्छ इंग्रजी बोलत की आम्ही काम थांबवून ऐकत असू. फोन ठेवला की पुन्हा बेलापूर. मी एकदा म्हणालो, "सर, तुम्ही आमच्याशी शुद्ध मराठी का बोलत नाही?" तर म्हणाले, "शुद्ध मराठी मी रविवारी चर्चमध्ये बोलतो. देवाला सवय हाय."

मे महिन्यात, नगरच्या उन्हाळ्यात, ते भट्टीपाशी पूर्ण बाह्यांचा लोकरीचा स्वेटर घालून उभे राहात. शेडचे मालक म्हणाले, "सर, बघूनच आम्हाला घाम येतोय." सर म्हणाले, "भट्टीच्या तोंडाशी साठ डिग्री, माझं अंग सदतीस. लोकर काय फक्त थंडीलाच अडवती का?" मी चिकाटीने मोजलं. स्वेटरच्या आत खरोखर बाहेरच्यापेक्षा कमी भरलं, पाच मिनिटांपर्यंत. त्यानंतर घामाने सगळं बिघडलं. मी तसं सांगितल्यावर म्हणाले, "मी चार मिनिटंच उभा असतो."

त्यांच्या खिशात पेनाशेजारी एक थर्मामीटर असे. चहा आला की आधी थर्मामीटर चहात. साठच्या वर असला तर ते थांबत. "जीभ भाजली तर आपलं यंत्र गेलं." टाइलची तपासणी असेल त्या दिवशी ठेचा वर्ज्य. नगर जिल्ह्यात जन्मून ठेच्याला नाही म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

पण सगळ्यात विचित्र प्रकार पेढ्यांचा. चकती चाचणीत टिकली की सर "ठीक" म्हणत आणि कामाला लागत. चकती फुटली, जळाली, थर सुटले, की पाव किलो पेढे आणत. जळालेला तुकडा मधे टेबलावर ठेवायचा, सगळ्यांनी भोवती बसायचं, पेढा खायचा आणि एकेकाने तुकड्याकडे पाहून काय दिसतं ते सांगायचं. मालकांपासून झाडणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी. "पास झालेला काय बोलत न्हाई," सर म्हणायचे. "त्याला इचारलं तर म्हनतो, माझं बरं हाय. जळालेला बोलतो. त्याचं तोंड गोड करायला नको?" मग त्या तुकड्याला चिठ्ठी बांधून लोखंडी कपाटात ठेवत. त्या कपाटाला ते 'शाळा' म्हणत. बाहेरचे पाहुणे आले आणि "तुमची उत्तम कामं दाखवा" म्हणाले की सर शाळा उघडत. पाहुणे गोंधळून मालकांकडे बघत आणि मालक छताकडे.

या पेढ्यांच्या बैठकीत सिंधूबाईंचं फार चाले. सिंधूबाई पुणतांब्याच्या. आमच्याकडे कापडाचे थर कापून एकावर एक लावायचं काम त्यांचं. त्याआधी गोधड्या शिवायच्या. एकदा एक चकती मधोमध एका रेषेत फाटली. आम्ही सगळे राळेबद्दल बोलत होतो. सिंधूबाई पेढा संपवून म्हणाल्या, "अवो सायेब, समदे टाके एकाच अंगानं घातले की गोधडी त्याच अंगानं फाटती. तुमी मला समदं कापड उभंच लावाया सांगता. थोडं तिरपं लावू का?"

सरांनी त्यांच्यापुढे दुसरा पेढा ठेवला. त्या दिवसापासून थर तिरपे लागले आणि तसली फाट पुन्हा आली नाही.

आकड्यांबाबत सरांचा एकच नियम होता, तो त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितला. "डोळ्यानं पाह्यलं का? मंग लिही. न्हाई पाह्यलं? मंग रेघ मार. रेघंला कुनी फासावर देत न्हाई." मला हा नियम पोरकट वाटला होता. जो आकडे घेतो तो आकडे बघतोच की. नऊ वर्षांत मी कधी रेघ मारलेली नव्हती. त्याचा मला अभिमान होता.

आता ती गोष्ट.

अकरा महिने खपून आम्ही नव्या पद्धतीच्या सात चकत्या केल्या होत्या. सहा चाचणीसाठी, एक शिल्लक. चाचणीचं केंद्र दूर दक्षिणेत. तिथे विजेच्या झोताने हवा अशी तापवतात की समोर धरलेल्या चकतीचं तोंड दोन हजार अंशांच्या वर जातं. चाळीस सेकंद टिकायचं आणि मागची बाजू एकशेवीस अंशांच्या आत राहायची. त्या केंद्रात आपली पाळी यायला फार वाट बघावी लागते. आम्हाला एक दिवस मिळाला होता. मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं, "सर, यात जमलं नाही तर हा विभाग मला बंद करावा लागेल. मी पुन्हा भट्टीच्या विटा करीन." या विभागात आम्ही नऊ जण होतो. सिंधूबाईंचं वय बावन्न, माझं चाळीस. आम्हा दोघांनाही दुसरीकडे कुणी घ्यायला बसलेलं नव्हतं.

पाठवण्याआधी चकत्या ओव्हनमध्ये एकशेपाच अंशांवर चोवीस तास वाळवायच्या असतात. कारण चकती हवेतला ओलावा पिते. आत ओल राहिली आणि अचानक झोत लागला तर त्या ओलीची वाफ होते, तिला बाहेर यायला वाट मिळत नाही आणि थर सुटतात. म्हणून ओव्हनचा काटा दर तासाला बघून वहीत लिहायचा. आमचा ओव्हन जुना, स्वतः नोंद करणारा नव्हता. रात्री भट्टीवरचा माणूस लिही, दिवसा मी.

त्या दिवशी दुपारी मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाची कागदपत्रं तपासायची होती. कॉलेज सावेडीत, पाऊण तासाचं काम. साडेबाराला निघताना मी वही उघडली. सकाळपासून प्रत्येक रकान्यात एकशेपाच. गेल्या दोन वर्षांतल्या प्रत्येक पानावर एकशेपाच. तो काटा दुसरं काही दाखवतच नसे. मी एक, दोन आणि तीनच्या रकान्यात एकशेपाच लिहिलं आणि निघालो. सिंधूबाई दहा पावलांवर कापड कापत बसल्या होत्या. त्यांना सांगता आलं असतं. पण खरं सांगायचं तर, आकडा त्या नीट वाचतील असं मला वाटलं नाही.

कॉलेजात रांग लांब होती. परत आलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. काटा एकशेपाचवर. मी चारचा आकडा डोळ्यांनी पाहून लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला चोवीस तास पुरे झाले. चकत्या चकाकणाऱ्या पिशव्यांत बंद केल्या. अकराला न्यायला टेम्पो येणार होता. दहाच्या चहाला सिंधूबाई बोटं चोळत म्हणाल्या, "काल हात लई भरून आला बाई. दुपारी लाईट गेल्ती तवा कातर मशीन बंद. पार साडेतीनपत्तुर हातानंच कापीत हुते."

"लाईट किती वाजता गेली?" मी विचारलं.

"तुमी गेल्यावर लगीच. भट्टी जनरेटरवर चालू हुती, बाकी समदं बंद."

ओव्हन जनरेटरवर नव्हता.

मी चहा तसाच ठेवून ओव्हनपाशी गेलो. आधी चकत्यांच्या वजनाची नोंद बघितली. वाळल्यावर वजन जितकं घटायला हवं तितकं घटलं होतं. पण ती मर्यादा रुंद होती, तीन तासांची कसर तिच्यात सहज लपली असती. मग मी मनात मांडणी केली. चोवीसपैकी तीन, म्हणजे साडेबारा टक्के. ओव्हन लगेच थंड होत नाही, म्हणजे त्याहून कमी. बहुतेक काही होणार नाही. वहीत कुणाला काही दिसणार नाही. आणि बोललो तर चाचणीचा दिवस जाईल, विभाग जाईल, नऊ माणसं जातील. ही सगळी बेरीज बरोबर होती. तरी ती मला पटेना, कारण त्या तीन आकड्यांपैकी एकही मी पाहिलेला नव्हता.

टेम्पो दारात लागला तेव्हा मी सरांना सांगितलं. मालक तिथेच उभे होते.

सरांनी वही मागितली, पान बघितलं, माझ्यापुढे धरली आणि खिशातलं पेन दिलं. "मार."

मी तीन आकडे खोडले आणि शेजारी तीन रेघा मारल्या. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या.

मालकांचा आवाज चढला. "सर, तीन तासांसाठी अकरा महिने पाण्यात घालायचे? वजन बरोबर आहे म्हणतोय ना हा?"

"वजन बरोबर हाय. आकडा बरोबर न्हाई."

"मग आता काय करायचं?"

सरांनी बोटांवर मोजलं. "चाचनी परवा दुपारी दोनला. आता अकरा. परत चोवीस तास वाळवायच्या, म्हनजे उद्या अकरा. टेम्पोनं न्हाई पोचनार. जीपनं पोचू. मी घिऊन जातो. ह्यालाबी नेतो."

टेम्पो रिकामा परत गेला. सहा पिशव्या फोडून चकत्या पुन्हा ओव्हनमध्ये गेल्या. सातवी सरांनी बाजूला ठेवली. "ही फोडू नको. हिच्यावर लिही, एकवीस तास."

त्या दिवशी ओव्हनसमोर सिंधूबाई आपणहून स्टूल घेऊन बसल्या. मला म्हणाल्या, "व्हा तुमी बाजूला. मला काय काटा वाचता येत न्हाई व्हय? शाळंत न्हाई गेले, पन घड्याळ बघून चाळीस वर्सं गाड्या पकडल्यात म्या." दर तासाला त्या हाक मारत, "एकशेपाच! आन् बघितलंय बरं का!" मी खाली मान घालून लिहीत होतो. एकदा त्यांनी एकशेचार सांगितलं. मी जाऊन पाहिलं. एकशेचारच होता.

जीपमध्ये सरांनी पेटी मागे ठेवू दिली नाही. सव्वीस तासांचा प्रवास, मधे दोनच वेळा गाडी थांबली. पेटी कधी त्यांच्या मांडीवर, कधी माझ्या. ओलाव्याला भिऊन काचा बंद. ते माझ्यावर रागावतील याची मी वाट बघत होतो. ते बाहेरची शेतं बघत होते, भट्टीच्या जुन्या गमती सांगत होते, सिंधूबाईंनी दिलेल्या भाकरीबरोबरचा ठेचा माझ्याकडे सरकवत होते. शेवटी मीच म्हणालो, "सर, काही तरी बोला."

त्यांनी पेटीवर बोटं वाजवली. मग म्हणाले, "नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझी भट्टीवर पाळी हुती. झोप लागली. पाचचा आकडा मी सहाला लिहिला, अंदाजानं. टाइल पास झाली. लई वाहवा झाली. त्या आकड्यावर पुढं लोकांनी कामं केली."

"मग चुकीचा नसेलच तो."

"तेच तर. पास झाली म्हनून कळलंच न्हाई कधी. खरा का खोटा, आजबी म्हाईत न्हाई. तुला अकरा वाजता सांगायला जमलं. मला जमलं न्हाई." पुढे म्हणाले, "ती रेघ मारायची राह्यली माझी."

पेटी तेव्हा माझ्या मांडीवर होती. मी ती जरा घट्ट धरली.

आम्ही दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी पोचलो.

काळ्या काचेतून झोत बघायचा होता. चकतीचं तोंड आधी लाल, मग पिवळं, मग इतकं पांढरं की काचेतूनही डोळे दिपले. आवाज एखादा धबधबा खोलीत कोंडल्यासारखा. मी घड्याळाकडे बघून सेकंद मोजत होतो. चाळीस. झोत बंद. मागची बाजू अठ्ठ्याऐंशी अंश. सर म्हणाले, "ठीक." दुसरी ठीक. तिसरी ठीक. चौथी एकतिसाव्या सेकंदाला फुटली. थर उलगडलेल्या पुस्तकासारखे सुटले. सरांनी केंद्राच्या अधिकाऱ्यांना इंग्रजीत विचारलं की जवळपास मिठाईचं दुकान कुठे आहे. त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. पाचवी, सहावी ठीक. सहापैकी पाच. आम्हाला चार लागत होत्या.

मी भिंतीला टेकलो. विभाग वाचला होता.

सर घड्याळ बघत होते. "दहा मिनिटं उरलीत का? अजून एक लावा." आणि त्यांनी सातवी चकती काढली. माझी. एकवीस तासांची.

ते चाळीस सेकंद मी मोजू शकलो नाही. ती फुटावी असं मला वाटत होतं, हे कबूल करतो. फुटली असती तर माझ्या सांगण्याला काही अर्थ राहिला असता, दोन हजार अंशांचा पुरावा मिळाला असता.

ती टिकली. मागची बाजू एक्क्याण्णव.

मी म्हणालो, "म्हणजे सर, सगळं उगाचच झालं. काही बोललो नसतो तरी चाललं असतं."

"चाललं असतं," सर म्हणाले. "आन् आपल्याला काय कळलं असतं? चोवीस तास वाळवलं, टिकलं. येवढंच. आता कळलं का एकवीस तासांतबी टिकतं. हे आपल्याला कुनी सांगितलं? त्या तीन रेघांनी." मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पन तुझी चूक पास झाली, आकडेशास्त्री. पेढा न्हाई मिळायचा."

फुटलेली चौथी चकती मात्र आम्ही जीपमध्ये पेढ्यांसकट परत आणली. बैठकीत सिंधूबाईंनीच तिच्यातली चुणी दाखवली. एका थरात कापड दुमडलं होतं. "ही म्या लावलेली हाय," त्या म्हणाल्या. "माझीच चुनी." आणि इकडेतिकडे न बघता त्यांनी पेढा तोंडात टाकला.

एका चकतीवरून नियम बदलता येत नाही, हे मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग बदलता येईल इतक्या कर." पुढच्या वर्षात मी आणखी बारा चकत्या मुद्दाम एकवीस तासांवर वाळवल्या, दर तासाला तोलून. एकोणिसाव्या तासानंतर वजन हलत नव्हतं. दोन तास सावधगिरीचे धरले. आता आमच्या कामाच्या पत्रकावर चोवीसच्या जागी एकवीस आहे. 'आधार' या रकान्यात सरांच्या अक्षरात माझ्या त्या वहीचा पान क्रमांक आहे.

त्याच काळात एका दुपारी सरांनी मला बोलावून एक पत्र सुवाच्य करून मागितलं. त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेला होतं. अमुक भट्टीच्या अमुक नोंदीतला पाचचा आकडा मी पाहिलेला नाही, कृपया तिथे रेघ मारावी, एवढंच. तीन महिन्यांनी उत्तर आलं. इतक्या जुन्या नोंदवह्या नियमाप्रमाणे नष्ट केल्या आहेत. सरांनी ते उत्तर दोनदा वाचलं, खाली पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली आणि शाळेच्या कपाटात, जळालेल्या तुकड्यांशेजारी ठेवलं. त्या दिवशी पेढे आणले होते. कारण कुणी विचारलं नाही. मला माहीत होतं. मी दोन खाल्ले.

सर गेले त्याला आता दोन वर्षं होतील. बेलापूरला माती दिली. सिंधूबाईंनी मूठभर माती टाकण्याआधी ती बोटांत चोळून बघितली. मी पाहिलं, आणि त्यांनी मला पाहताना पाहिलं. "सायेबांनी जीब लावून बघितली असती," त्या म्हणाल्या. सरांच्या घरच्यांनी नंतर त्यांचा थर्मामीटर मला दिला.

गेल्या महिन्यात ग्राहकाकडून एक तपासनीस आले. नीटस, माझ्यासारखेच आकड्यांत नाक खुपसणारे. पत्रक बघून म्हणाले, "एकवीस तास? सगळीकडे चोवीस असतात. हे एकवीस कुठून आलं?"

मी शाळा उघडली, वही काढली, पान लावून दिलं. त्यांनी बोट फिरवलं आणि एक, दोन, तीनवर थांबले.

"हे तीन आकडे खोडलेत, खरे भरायचे राहिलेत."

"राहिलेले नाहीत," मी म्हणालो. "ते तसेच आहेत." आणि त्यांना सगळं सांगितलं, कॉलेजच्या रांगेपासून. सांगायला बावीस मिनिटं लागली. त्यांनी मधे एकदाही घड्याळ पाहिलं नाही. शेवटी त्यांनी आपल्या तपासणीच्या कागदावर 'आधार पाहिला' असं लिहिलं. त्याखालच्या एका रकान्यात, जिथे ओव्हनचा काटा आज स्वतः तपासल्याची खूण करायची होती, तिथे त्यांचं पेन टेकलं, थांबलं. त्यांनी वर पाहिलं.

"ओव्हन मी अजून बघितला नाही," ते म्हणाले. "चला, बघू."

मी समोरच्या चहात थर्मामीटर घातला. एकेचाळीस. चहा गार झाला होता. तो तसाच पिऊन मी त्यांच्याबरोबर उठलो.